घरात तेलुगू, गल्लीत मराठी

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आम्ही घरी तेलुगू बोलतो, गल्लीत आणि बाजारात मराठी चालते आणि पाच वर्षांची मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. ती एकाच वाक्यात तिन्ही भाषा आणते. 'अम्मा, बुक ताईकडं उंदि' असे तिचे बोलणे असते. मुलीचा गोंधळ उडतो आहे, तेव्हा घरी एकच भाषा ठेवा, शक्यतो इंग्रजी, असे शाळेतून सांगण्यात आले. सासूबाईंना तेलुगूखेरीज दुसरी भाषा धड बोलता येत नाही. आम्ही काय करावे? (एक आई, सोलापूर)

उत्तर : आधी मुलीचे वाक्य पुन्हा एकदा वाचून पाहा. 'बुक' इंग्रजी, 'ताईकडं' मराठी आणि 'उंदि', म्हणजे 'आहे', हे तेलुगू. शब्द तीन भाषांतले असले तरी त्यांचा क्रम कोठेही चुकलेला नाही. वस्तू आधी, ती कोणाकडे आहे हे नंतर आणि क्रियापद शेवटी, हीच मराठीची रीत आहे आणि हीच तेलुगूचीही. ज्या मुलीचा खरोखर गोंधळ उडाला आहे, तिला वाक्याचा असा साचा सांभाळता येणार नाही. हाताशी जो शब्द आधी येतो तो ती वापरते, इतकेच. आपण सगळे मोठेही 'गाडी पार्क करून येतो' म्हणताना दुसरे काही करत नसतो.

लहान मुले भाषा मिसळतात तो गोंधळ नव्हे, आणि एकाहून अधिक भाषा कानावर पडल्याने बोलणे लांबते असेही नाही, हे या विषयातील संशोधनातून आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. प्रत्येक भाषेतले तिचे शब्द वेगवेगळे मोजले तर ते एकभाषी मुलांपेक्षा कमी भरू शकतात. सगळ्या भाषांतले मिळून मोजले तर ती सहसा मागे नसते. म्हणून काळजीचे कारण शोधायचेच असेल तर ते मिसळण्यात शोधू नये. मूल सर्व भाषा मिळूनही फार कमी बोलत असेल, किंवा हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर मात्र कानांची तपासणी करून घ्यावी.

'एका माणसाने एकच भाषा बोलावी' हा नियम कोठून आला, तेही सांगण्यासारखे आहे. फ्रेंच अभ्यासक झ्यूल रोंझा यांनी आपल्या मुलाच्या भाषेच्या नोंदी 1913 साली प्रसिद्ध केल्या. त्या घरात वडील मुलाशी फ्रेंच बोलत आणि आई जर्मन. त्या घराला तो नियम शोभलाही असेल. परंतु ज्या घरात आजी, आत्या, समोरच्या वाड्यातील कानडी काकू, रिक्षावाले मामू आणि मराठी दूधवाला सकाळी नऊच्या आत मुलीशी बोलून गेलेले असतात, तेथे असा नियम पाळणार कोण आणि कशासाठी?

तुमच्या शहराची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. यंत्रमागावर आलेल्या पद्मशाली कुटुंबांची तेलुगू, लिंगायत घरांतली कन्नड, दखनी उर्दू आणि मराठी या चार भाषा सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आहेत, आणि शेजाऱ्यांचे वळण एकमेकांना लागते. एकच वाक्य चारही भाषांत घेऊन पाहा. मराठीत आपण म्हणतो, 'येतो म्हणून सांगितलं.' तेलुगूत 'वस्तानु अनि चेप्पाडु'. कन्नडात 'बर्तीनि अंत हेळिद'. दखनीत 'आता हूँ बोलके बोला'. चारही ठिकाणी दुसऱ्याचे बोलणे आधी येते आणि त्याला 'म्हणणे' या अर्थाच्या क्रियापदाचे एक रूप शेपटासारखे जोडले जाते : म्हणून, अनि, अंत, बोलके. दिल्लीची हिंदी मात्र 'उसने कहा कि' अशी सुरुवात पुढून करते. म्हणजे दखनी शब्दांनी दिल्लीच्या बाजूची, पण वाक्याच्या ठेवणीने आपल्या गल्लीची.

हेच अधिक बारकाईने पाहिले गेले ते सांगलीजवळच्या कुपवाडला. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी तेथील कन्नड, मराठी आणि उर्दू या तीन भाषांचा अभ्यास करून तो 1971 मध्ये प्रसिद्ध केला. आज कुपवाड महापालिकेत गेले आहे, पण तेव्हा ते सुमारे तीन हजार वस्तीचे गाव होते. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमानांच्या घरांत उर्दू, दोरखंड वळणाऱ्या कुटुंबांत तेलुगू, आणि निरनिराळ्या घरांतली माणसे एकत्र आली की मराठी, अशी तेथील वहिवाट होती. या अभ्यासातील एक मराठी वाक्य आहे, 'पाला जरा कापून घेऊन आलो.' तेच कुपवाडच्या उर्दूत होते 'पाला जरा काट के लेके आया', आणि कन्नडातही अगदी याच क्रमाने शब्दामागे शब्द. घरची भाषा म्हणजे घरची ओळख, त्यामुळे शब्द प्रत्येकाने आपापले जपले. मात्र रोजचे व्यवहार एकमेकांशी असल्याने वाक्याचे साचे काही शतकांत इतके जवळ आले की एका भाषेतून दुसरीत जाताना फक्त शब्द बदलावेत. तुमची मुलगी जे करते आहे, ते कुपवाडने फार पूर्वीच करून ठेवले आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. सासूबाईंशी तिचे बोलणे तेलुगूतच राहू द्या, कारण ज्या घरात एका व्यक्तीशी बोलण्यासाठी ती भाषा लागतेच लागते, त्या घरात ती शिकवावी लागत नाही. इंग्रजीची चिंता करू नका. शाळा, परीक्षा आणि मोबाईल मिळून ती पुरेशी करतील, आणि घरी मोडक्या इंग्रजीत बोलून मुलीला ना इंग्रजी मिळेल ना आईच्या गप्पा. लक्ष द्यावे लागेल ते मराठीकडे. 2020 च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, पण पुस्तकातील मराठी आणि गल्लीतील मराठी यांची गाठ घालून देणे शाळेला क्वचितच जमते. रात्री मराठी गोष्ट वाचून दाखवा आणि सकाळी तीच तिला आजीला तेलुगूत सांगू द्या. शब्द अडला तर ती मराठी घालेल. घालू द्या.

प्रश्न : मी मूळचा नागपूरचा. बदली होऊन पुण्यात आलो. 'मी जेवून राहिलो', 'तू काय करून राहिला' असे माझ्या तोंडून निघाले की कार्यालयात हशा पिकतो. हे अशुद्ध मराठी आहे काय? (एक बँक कर्मचारी, पुणे)

उत्तर : अशुद्ध नाही, ते नागपूरचे आहे. 1861 पासून नागपूर मध्य प्रांताची राजधानी होते आणि 1956 पर्यंत, म्हणजे मुंबई राज्यात येईपर्यंत, कचेरीत, बाजारात आणि शेजारात हिंदी व मराठी तेथे एकत्र राहिल्या. 'कर रहा है' याचे वळण घेऊन 'करून राहिला' तयार झाले, हे खरे. परंतु त्यातील प्रत्येक अवयव मराठी आहे. पुणेकरही 'वाट बघत राहिलो' आणि 'नुसता बसून राहिला' म्हणतातच. नागपूरने त्याच 'राहणे'ला चालू काळाचे काम दिले.

आणि हसणाऱ्यांनी आपले बोलणेही एकदा ऐकावे. 'माझी मदत कर' हे 'मेरी मदद करो' याचे सरळ रूपांतर असून मराठीत 'मला मदत कर' असे म्हणतात. 'मी त्याला बोललो' यात 'म्हणालो' किंवा 'सांगितले' याची जागा हिंदीच्या चालीने 'बोलणे'ने घेतली आहे. हे पुण्या-मुंबईत रोज ऐकू येते आणि त्यावर कोणी हसत नाही. हशा पिकतो तो भाषेवर नसतो, गावावर असतो. ज्या महानुभावांनी मराठी गद्याचा पाया घातला त्यांचे रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे, हे पुढच्या वेळी चहाच्या टेबलावर सांगून टाका. कार्यालयीन पत्रात प्रमाण मराठी लिहावे, त्याला इलाज नाही. जेवणाच्या सुटीत मात्र खुशाल जेवून राहा.

प्रश्न : निवृत्तीनंतर मुलाकडे बंगळुरूला आलो. सहा महिने मोबाईलवरून कन्नड शिकतो आहे, पण दुकानात तोंड उघडले की समोरचा हिंदीत उत्तर देतो. या वयात भाषा येत नाही, हेच खरे का? (एक ज्येष्ठ नागरिक, बंगळुरू)

उत्तर : वयामुळे उच्चारात थोडी कसर राहते, वाक्ये मात्र येतात. तुमची अडचण वयाची नाही, तुमच्या कन्नडाला अजून गिऱ्हाईक मिळालेले नाही, ही आहे. दुकानदाराला घाई असते. ज्याला घाई नाही असा माणूस शोधा : इमारतीचा रखवालदार, बागेत रोज भेटणारे आजोबा, फुलवाली. त्यांना पहिल्याच दिवशी सांगा, 'ननगे कन्नड स्वल्प स्वल्प बरुत्ते.' हे वाक्य शब्दशः 'मला कन्नड थोडे थोडे येते' असेच आहे. 'ननगे' म्हणजे मला, 'बरुत्ते' म्हणजे येते, आणि 'स्वल्प' तुम्ही स्वल्पविरामापासून ओळखता. भाषा आपल्याकडे 'येते' असे दोन्हीकडचे लोक मानतात. निघतानाही कन्नड माणूस 'जातो' म्हणत नाही, 'होगि बर्तीनि', म्हणजे जाऊन येतो, असेच म्हणतो. इंग्रजीतून कन्नड शिकवणाऱ्या ॲपला हे ठाऊक नसते, त्यामुळे ते तुम्हाला लांबच्या वाटेने नेते. मराठीवरून कन्नडात जा. तूप, अण्णा, अक्का हे शब्द आपण तिकडूनच आणलेले आहेत.

दिलासा म्हणून एक सांगतो. वाटी, चमचा आणि भांडे यांची तीन लिंगे पाठ करताना आपल्याकडे आलेला कन्नड माणूस रडकुंडीला येतो. कन्नडात पुरुष पुल्लिंगी, स्त्री स्त्रीलिंगी आणि वस्तू नपुंसक, प्रकरण तेथेच संपते. चुका होतीलच. नोकरीच्या सुरुवातीला जत तालुक्यात असताना 'बेकु' म्हणजे हवे आणि 'बेड' म्हणजे नको यांची अदलाबदल करून मी एका पंगतीत तीनदा भात घेतला होता. पुरे म्हणण्यासाठी 'साकु' असा तिसरा शब्द आहे, हे वाढप्याने पान भरल्यावर सांगितले. तो मात्र पुन्हा कधी विसरलो नाही.

प्रश्न : माझी आई माझ्याशी अहिराणी बोलत असे, पत्नीची भाषा भिलोरी, मुले मराठीच बोलतात. जनगणनेत कोणती मातृभाषा सांगावी? (एक शिक्षक, धुळे)

उत्तर : ज्याची त्याची वेगळी. लहानपणी आईने त्या व्यक्तीशी जी भाषा बोलली ती मातृभाषा, अशी जनगणनेची व्याख्या आहे, तेव्हा तुम्ही अहिराणी सांगा. तिची गणना मराठीत नव्हे, खानदेशी या वेगळ्या शीर्षकाखाली होते. पत्नीने भिलोरी सांगावी. मुलांच्या बाबतीत त्यांची आई त्यांच्याशी काय बोलत आली, ते तिलाच विचारा. प्रगणक घाईत सगळ्यांपुढे मराठी लिहून मोकळा होऊ शकतो, म्हणून प्रत्येकाची भाषा स्वतः उच्चारून सांगा आणि नोंद वाचून दाखवायला लावा. येत असलेल्या इतर भाषांचा रकानाही भरून घ्या. त्यात मातृभाषेखेरीज दोनच मावतात.