भिजलेले दिवाळी अंक

अरे बाळा,

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला पण टाईप करायला घेतलं आणि लक्षात आलं की हे चार ओळीत मावणारं नाही, म्हणून आज निवांत बसून लिहितेय. "काकू, वाचावंसंच वाटत नाही, मी आळशी झालोय का" म्हणतोस. आळशी कसला? वर्षाला ५० पुस्तकं असं टार्गेट लावून ॲपमध्ये टिका मारत बसणारा माणूस आळशी नसतो रे, कंटाळलेला असतो. आठवीत असताना आमच्या पडवीत पालथा पडून वाचायचास, जेवायला हाक मारली तरी ऐकू यायची नाही, शेवटी तुझी आई केरसुणी घेऊन यायची. तेव्हा मोजली होतीस का पानं?

माझंही हे झालंय, आणि थोडंथोडकं नाही, सहा-सात वर्षं. बँकेत असताना इन्क्रिमेंट मिळतं म्हणून जेएआयआयबी दिली, मग सीएआयआयबी, बँकवाल्यांच्या परीक्षा ह्या. रोज पेन्सिल घेऊन बसायचं, रेघा मारायच्या, पान मिटून आठवतंय का बघायचं. दोन्ही सुटल्या एकदाच्या आणि मी मोठ्या हौसेनं वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली, तिसाव्या पानापर्यंत गेले आणि बघते तर काय, मी पेन्सिलनं रेघ मारलीये! कशाखाली, तर नायिकेचे वडील कुठल्या साली वारले त्याच्याखाली. जसं काही ते दोन मार्काला येणार होतं. वाचनालयाचं पुस्तक, खोडरबर घेऊन पुसत बसले, आणि पुढे काही ते वाचलं नाही, दंड भरून परत केलं.

तुझी पेन्सिल म्हणजे ते ॲप आहे. आणि ते पंधरा मिनिटात पुस्तकाचा सारांश ऐकायचं जे काय असतं ते. माशाची आमटी कशी झाली होती ते दुसऱ्याकडून ऐकून पोट भरतं का?

मोबाईलचं पण सांगते, पण लेक्चर नाही देणार कारण मीही तीच. रोज दाभोळच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघायची, पलीकडे धोपाव्याला उतरून पुढे ब्रँचला जायचं. बोट तिकडून निघालेली दिसायची, ती लागणार, आतल्या गाड्या उतरणार, इकडच्या चढणार, तोवर माझी तीन-चार पानं व्हायची. तोच माझा वाचायचा टाईम होता हे मला तो गेल्यावर कळलं. फोन आला आणि जेटीवर मी गुड मॉर्निंगचे फोटो बघायला लागले. वेळ तेवढाच होता, पिशवीत पुस्तकही असायचं, नुसतं वजन.

आता परत कसं आलं ते. ह्यात माझं कर्तृत्व शून्य आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, घुसलं श्रीवर्धनच्या बाजूला पण आपल्या दापोली-मंडणगडची पार वाट लावून गेलं, तू तेव्हा पुण्यात अडकला होतास. आमची अर्धी कौलं गेली, पोफळी आडव्या, माळ्यावर पाणी. सासऱ्यांनी जमवलेले दिवाळी अंक तिथे ट्रंकेत होते, झाकण नीट लागत नव्हतं, सगळे चिंब. हे म्हणाले टाकून दे. पण लाईट नाही, नेटवर्क नाही, फोन मेलेला, करायला काय होतं? मी ते अंक पडवीत मांडले, मे महिन्यात कोकमाची सोलं वाळत घालतो ना तसे. पाऊस आला की आत, उघडीप मिळाली की बाहेर. पानं एकमेकांना चिकटलेली, सुरीच्या टोकानं हळूच सोडवायची, ओढली तर फाटतात. आणि सोडवता सोडवता नजर जायचीच, दोन ओळी, चार ओळी, मधूनच सुरू होणारी गोष्ट, पुढचं पान लगदा झालेलं.

एक गोष्ट होती शिंप्याची. कुणीतरी जुना काळा कोट लहान करायला टाकलेला असतो, हा अस्तर उसवतो आणि आतून एक पाकीट निघतं, चिकटवलेलं. तो दिवा पुढे ओढतो, बायकोला म्हणतो दार लाव. बस्स, पुढची पानंच नाहीत! मी रात्री मेणबत्ती घेऊन बाकीचे अंक चाळत बसले, एखादं सुटं पान कुठे चिकटलंय का म्हणून. मिळालं नाही. पण त्या नादात तीन गोष्टी पूर्ण वाचून झाल्या, आणि सकाळी उठल्यावर चहाच्या आधी मी पडवीत.

तेव्हा मला कळलं की माझी भूक पुस्तकं संपवून संपवून मेली होती. संपवलं, टिक, पुढचं. तिथे मात्र काही संपतच नव्हतं आणि म्हणून मन तिकडे ओढ घेत होतं. मी अजून तसंच करते, गोष्ट रंगात आली की मुद्दाम बंद करून भाजी निवडायला जाते, प्रकरण संपेपर्यंत थांबत नाही. प्रकरण संपलं की माणूस उठून फोन घेतो, मधे सोडलं की पुस्तकाकडे परत येतो. करून बघ.

ते ॲप काढून टाक आधी. आणि सुरुवातीलाच ग्रेट काही घेऊ नकोस, तू घेशील, मला माहितीये, मित्रांना दाखवायला. दिवाळी अंक घे. बरं, हे खूळ पण आपल्याकडच्याच माणसाचं, काशिनाथ रघुनाथ मित्र, मूळचे आजगावकर, त्यांनी १९०९ ला 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला. अंकाचं बरं असतं, कुठूनही उघडावा, कविता आवडत नसतील तर उडवाव्या, कोणी अपमान वाटून घेत नाही. नाहीतर आठवीत वाचलेलंच परत वाच. रहस्यकथा वाच, त्यात कमीपणा कसला. पहिला आठवडा दहा मिनिटांवर चित्त टिकणार नाही, माझंही टिकायचं नाही, ठेवून द्यायचं.

आणि तिकडे एखाद्या वाचनालयाचं सभासद हो. आपलं रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं, तेव्हापासून रजिस्टरात पुस्तक कधी नेलं, कधी आणलं एवढंच लिहीत असतील, संपवलंस का आणि त्यातून काय शिकलास हे तिथे कोणी विचारत नाही. मला तर ते फार सुखाचं वाटतं.

गणपतीला येशील तेव्हा ट्रंक उघडून देते, हवे ते अंक ने. अजून वास येतो त्यांना, सांगून ठेवते.

आणि एक काम कर. रविवारी अप्पा बळवंत चौकाकडे जातोस ना, तर जुन्या अंकांच्या गठ्ठ्यात बघत जा. मुखपृष्ठ गेलंय, गोष्टीचं नाव पण गेलंय, पान ११२ वर शिंपी बायकोला दार लावायला सांगतो. ११३ मिळालं तर फोटो काढून पाठवू नकोस, अंकच घेऊन ये.

तुझी,
काकू