बेंटनव्हिलची ऑफर आलीय, जाऊ का? आर्कन्सॉबद्दल माझं लांबलचक उत्तर

तुम्ही विचारलंय की कंपनी पुण्याहून आर्कन्सॉ राज्यातल्या बेंटनव्हिलला पाठवतेय, बायको शाळेत शिकवते, मुलगी सहा वर्षांची, आणि नातेवाईक म्हणतायत तिकडे नुसती शेतं, चर्च आणि बंदुका, त्यापेक्षा डॅलसची संधी येईपर्यंत थांब. राज्य कसं आहे, इतिहास काय, आपल्यासारख्यांना कसं वागवतात, सगळं सविस्तर हवंय. मी मूळची सांगलीची, लग्न करून इथे आले आणि इथलीच होऊन गेले, त्यामुळे माझं माप थोडं झुकतं असणार हे धरूनच वाचा.

नातेवाईक काही खोटं बोलत नाहीयेत हां. शेतं, चर्च, बंदुका तिन्ही आहेत. पण आर्कन्सॉ एक नाहीये, निदान दोन आहेत, आणि तुम्ही ज्या कोपऱ्यात येताय तो बाकीच्या राज्यापेक्षा बराच वेगळाय.

नकाशा उघडा आणि ईशान्य कोपऱ्यापासून नैऋत्य कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ मारा. रेघेच्या वर डोंगर, खाली सपाट जमीन. वरच्या बाजूला आपले ओझार्क, म्हणजे खरं तर डोंगर नाहीतच ते, चुनखडीचं पठार आहे, नद्यांनी कापून कापून दऱ्या केल्यात, त्यामुळे गुहा आणि झरे ढीगभर. त्याच्या दक्षिणेला आर्कन्सॉ नदीचं खोरं, तिथे मॅगझिन नावाचा राज्यातला सगळ्यात उंच डोंगर, २,७५३ फूट, आपल्या कळसूबाईच्या साधारण निम्मा, त्यामुळे ट्रेकिंगवाले असाल तर उंचीची अपेक्षा ठेवू नका, जंगलाची ठेवा. त्याच्याही खाली वॉशिटा डोंगररांगा आणि गरम पाण्याचे झरे असलेलं हॉट स्प्रिंग्ज गाव, जे सरकारने १८३२ सालीच राखून ठेवलं होतं, यलोस्टोन या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाच्याही कितीतरी आधी. आणि रेघेच्या खाली पूर्वेला मिसिसिपी नदीच्या गाळाची डेल्टा, चपटी आणि काळीभोर. तिथे आधी कापूस होता, आता भात आहे, अमेरिकेत पिकणारा जवळजवळ अर्धा तांदूळ या एका राज्यात होतो. (आंबेमोहोर वगैरे शोधू नका, मिळणार नाही, लांब दाण्याचा मोकळा भात होतो तो.) आकार म्हणाल तर महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी आणि माणसं सगळ्या राज्यात मिळून तीस लाख, म्हणजे एकट्या पुण्यापेक्षा कमी.

आता इतिहास, आणि इथे ती रेघ लक्षात ठेवा. १८०३ मध्ये फ्रान्सकडून अमेरिकेने जो अवाढव्य मुलूख विकत घेतला त्यातलाच हा तुकडा, १८३६ मध्ये राज्य झालं. क्वापॉ, ओसेज, कॅडो ही मूळची माणसं, त्यांना पश्चिमेकडे ढकललं, आणि १८३० च्या दशकात पूर्वेकडच्या चेरोकी वगैरे लोकांना घरादारातून उठवून ओक्लाहोमात नेलं तेव्हा त्यांच्या वाटा याच राज्यातून गेल्या, काही तर आपल्याच भागातून. ओक्लाहोमाची हद्द बेंटनव्हिलपासून गाडीने अर्ध्या तासावर आहे.

डेल्टात कापूस म्हणजे मळे, मळे म्हणजे गुलाम. ओझार्कमध्ये जमीन दगडगोट्यांची, कापूस फारसा परवडायचाच नाही, छोटे शेतकरी, गुलाम फार थोडे. म्हणून १८६१ मध्ये, यादवी युद्धाच्या तोंडावर, गुलामगिरी टिकवायला अमेरिकेतून फुटून निघायचा ठराव आला तेव्हा शेवटपर्यंत विरोधात एकच माणूस उभा राहिला, आयझॅक मर्फी, आणि तो इथल्या मॅडिसन काउंटीचा (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) प्रतिनिधी होता, ओझार्कातलाच. बाकीच्यांनी निकाल एकमताने दिसावा म्हणून मत बदलायला सांगितलं, चार जणांनी बदललं, याने नाही. पुढे युनियनच्या, म्हणजे देश एक ठेवणाऱ्या उत्तरेच्या बाजूचा गव्हर्नर झाला तो. मार्च १८६२ मध्ये याच युद्धातली पी रिजची लढाई झाली ती जागा बेंटनव्हिलपासून अगदी जवळ, आता राष्ट्रीय उद्यान आहे, मुलीला घेऊन जाण्यासारखं, हरणं हमखास दिसतात.

हे वाचून डोंगरातले चांगले आणि मैदानातले वाईट असं वाटेल, पण तसं सरळ नाहीये. डेल्टात १९१९ साली इलेन गावाजवळ कापसाला नीट भाव मिळावा म्हणून काळे कूळ-शेतकरी चर्चमध्ये जमले, त्यावरून जे सुरू झालं त्यात नक्की किती काळे लोक मारले गेले ते आजही ठरलेलं नाही, आणि खटले मात्र काळ्यांवरच, बारा जणांना फाशी सुनावली, सुप्रीम कोर्टाने १९२३ मध्ये हस्तक्षेप केला म्हणून वाचले. हे मैदानातलं. पण डोंगरातल्या हॅरिसन गावाने १९०५ आणि १९०९ मध्ये आपल्या गावातल्या काळ्या लोकांना अक्षरशः हुसकून लावलं. ओझार्कमध्ये आज काळी माणसं इतकी कमी का दिसतात याचं अर्धं उत्तर गुलाम कमी होते यात आहे आणि उरलेलं या अशा गावांत, आणि हे उरलेलं उत्तर इथे गप्पांमध्ये सहसा कोणी काढत नाही.

आणि लिटल रॉक. १९५७ चा सप्टेंबर, तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ काळी मुलं जाणार होती, गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याने नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याचे, सैनिक उभे करून त्यांना अडवलं, मग राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कराची १०१ वी एअरबोर्न तुकडी पाठवली आणि मुलं सैनिकांच्या पहाऱ्यात वर्गात गेली. पुढच्या वर्षी तर शहरातल्या हायस्कूलच बंद ठेवल्या. आता गंमत बघा, फॉबस कुठला? तोही मॅडिसन काउंटीचा! वडील समाजवादी, पोराचं मधलं नाव यूजीन ठेवलेलं ते युजीन डेब्ज या समाजवादी पुढाऱ्यावरून. निवडणूक दिसली की माणूस काय होतो ते मर्फी आणि फॉबस एकाच काउंटीतून आले यावरून कळतं. ती शाळा अजून चालू आहे, बाहेर राष्ट्रीय स्मारक आहे, तीन-सव्वातीन तासांचा रस्ता, मुलगी थोडी मोठी झाली की नक्की दाखवा.

आपल्या बाजूच्या फेटव्हिलमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ आर्कन्सॉ आहे, १८७१ ची. तिच्या लॉ कॉलेजने १९४८ मध्ये सायलस हंट या काळ्या विद्यार्थ्याला प्रवेश दिला, दक्षिणेत हे फार लवकर होतं. आपल्याकडे ज्या फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी पोरं धडपडतात ते सेनेटर फुलब्राइट याच युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष होते. जगभर मैत्री पसरवणारा माणूस, पण काळ्या-गोऱ्यांच्या शाळा एकत्र करायला विरोध करणाऱ्या १९५६ च्या जाहीरनाम्यावर सही त्यांचीही. इथला इतिहास सगळा असाच आहे, एका हाताने दिलं की दुसरा हात बघायचा.

आता बेंटनव्हिल. सॅम वॉल्टनने १९५० मध्ये चौकात एक पाच-दहा सेंटचं दुकान घेतलं, १९६२ मध्ये शेजारच्या रॉजर्सला पहिलं वॉलमार्ट, बाकी तुम्हाला माहितीच आहे. हेडऑफिस कधी हललंच नाही, त्यामुळे वॉलमार्टला माल विकणाऱ्या सगळ्या बड्या कंपन्यांना इथे ऑफिस थाटावं लागलं, शिवाय स्प्रिंगडेलला टायसनच्या कोंबड्या, लोवेलला जे बी हंटचे ट्रक. १९६० मध्ये गावची वस्ती चार हजारसुद्धा नव्हती, २०२० च्या जनगणनेत ५४ हजार. म्हणजे जवळपास प्रत्येकजण बाहेरून आलेला, आणि आपल्यासारख्यांना कसं वागवतात याचं खरं उत्तर इथेच आहे, तुम्ही इथे कोणाला नवल वाटणार नाही. स्प्रिंगडेलमध्ये मार्शल बेटांवरचे लोक हजारोंनी आहेत, मेक्सिकन आहेत, आणि बेंटनव्हिलमध्ये तेलुगू इतके की पार्कात तुम्हाला कोणीतरी आधी तेलुगूतच बोलेल. मराठी कमी, पण गणपती बसतो, मंदिर आहे, पोरं क्रिकेट खेळतात. मात्र गाडीने तासभर पूर्वेला गेलात की चित्र बदलतं, पेट्रोल पंपावर लोक वळून बघतात. वाईट कोणी वागलं नाही माझ्याशी, उलट गाडी बंद पडली तर पहिला पिकअपवालाच थांबतो, पण मतं काय आहेत ते त्याच्या गाडीच्या स्टिकरवरून कळतं.

चर्चचं म्हणाल तर नवीन शेजारी ओळख झाल्या झाल्या कुठल्या चर्चला जाता विचारतील. भांडायला नाही विचारत, आपल्याकडे गाव कुठलं विचारतात तसं ते. हिंदू आहोत म्हटलं की पुरे, एखादी आजी तरीही ईस्टरला बोलावेल, जा, जेवण उत्तम असतं. दारू आमच्या काउंटीत २०१२ च्या मतदानानंतर दुकानात मिळायला लागली, राज्यातल्या बऱ्याच काउंट्या अजून कोरड्या आहेत.

खाण्याचं मला सगळ्यात जास्त लिहायला आवडेल पण आवरते. भेंडी! मक्याच्या पिठात घोळवून तळलेली भेंडी इथे कुठल्याही साध्या हॉटेलात मिळते. चवळीसारखे पर्पल हल नावाचे दाणे, नवीन वर्षाला चवळी खाल्ली की भरभराट होते असं मानतात. मक्याची भाकरी म्हणावी तर केकसारखी. कॅटफिश तळलेला, लोणच्याची भजी (काकडीचं लोणचं, आपलं नव्हे), आणि बिस्किटावर (इथलं बिस्किट म्हणजे मऊ पावासारखं) पांढरी ग्रेव्ही जी मला आजतागायत आवडलेली नाही. शाकाहारी असाल तर विचारून खा, बीन्समध्ये डुकराचं मांस घालायची पद्धत आहे.

संगीतासाठी तरी रेघेच्या खाली एकदा जाऊन या. डेल्टातल्या हेलेना गावच्या रेडिओवर १९४१ पासून ब्लूजचा कार्यक्रम चालू झाला, गायक जॉनी कॅश डेल्टातल्याच डायेस वसाहतीत कापूस वेचत वाढला, गिटार घेऊन देवाची गाणी म्हणणारी सिस्टर रोझेटा थार्प कॉटन प्लँटची. गावं आता अर्धी रिकामी, दुकानांना फळ्या ठोकलेल्या, बेंटनव्हिलच्या चकचकाटातून तिथे गेलं की एकाच राज्यात आहोत यावर विश्वास बसत नाही. वर डोंगरात फिडल आणि बँजो, माउंटन व्ह्यू गावात लोक चौकात खुर्च्या टाकून वाजवत बसतात, तिकीट नाही काही नाही.

बेंटनव्हिलमध्ये क्रिस्टल ब्रिजेस नावाचं कलासंग्रहालय आहे, सॅमची मुलगी अॅलिस वॉल्टनने २०११ मध्ये उघडलेलं, वास्तुकार मोशे सफ्दीची इमारत, प्रवेश फुकट, मी पाहुण्यांना पहिलं तिथेच नेते. आणि बफेलो नदी, १९७२ मध्ये देशातली पहिली राष्ट्रीय नदी म्हणून जाहीर झाली, धरण बांधू दिलं नाही लोकांनी. मे महिन्यात कनू (छोटी वल्ह्याची होडी) घेऊन उतरा. ऑक्टोबरच्या शेवटी पानांचे रंग बघायला मिळतील.

हवामानाचं मात्र हलक्यात घेऊ नका. २६ मे २०२४ च्या पहाटे टोर्नेडो रॉजर्समधून गेला, हजारो झाडं आडवी, कित्येक दिवस वीज नाही. तळघरं फारशी नसतात, घराच्या मध्यभागातलं खिडकी नसलेलं बाथरूम ही तुमची जागा, घर बघतानाच ती हेरून ठेवा. जानेवारीत पडणाऱ्या भुसभुशीत बर्फापेक्षा रस्त्यावर गोठलेला निसरडा थर वाईट. आणि गोचिड. गवतातून, जंगलातून आलात की पोरांचे केस, काखा तपासा, एका जातीच्या गोचिडाच्या चाव्याने मटणाची ॲलर्जी होते, खरंच, थट्टा नाही, माझ्या ओळखीतल्या एकांचं मटण कायमचं सुटलंय.

पैशांचं थोडक्यात. टेक्सससारखं नाही, राज्याचा इन्कम टॅक्स आहे. गाडीवर दरवर्षी प्रॉपर्टी टॅक्स आहे, ३१ मेच्या आत काउंटीत नोंद करायची आणि १५ ऑक्टोबरच्या आत भरायचा, ते केल्याशिवाय गाडीचं रजिस्ट्रेशन होत नाही. गाड्या दोन लागतील, बसच्या भरवशावर राहता येणार नाही. भाडी स्वस्त होती, आता तितकी राहिली नाहीत.

वहिनींचं बघा, तुम्हाला एल वन (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) मिळत असेल तर त्यांना इथे काम करता येईल, एच वन (नेहमीचा नोकरीचा व्हिसा) असेल तर तुमचं आय-वन-फोर्टी, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होईपर्यंत नाही. शाळेत शिकवायला राज्याचं लायसन्स लागतं, भारतातल्या डिग्र्यांचं मूल्यमापन करून घ्यायला वेळ जातो, ते पुण्यातूनच सुरू करा.

डॅलससाठी थांबावं का? शेतं, बंदुका, चर्च या कारणांसाठी अजिबात नाही, ती टेक्ससमध्येही आहेतच की, आणि डॅलस इथून पाच-साडेपाच तासांवर आहे, सोनं आणि साड्या घ्यायला आमच्यातले जातातच. थांबायचं एकच खरं कारण मला दिसतं, इथे सगळं एका कंपनीभोवती आणि तिच्या पुरवठादारांभोवती फिरतं. एच वनवर नोकरी गेली तर हातात ६० दिवस असतात आणि त्यात दुसरी शोधायला डॅलसमध्ये जेवढी दारं आहेत तेवढी इथे नाहीत. एल वनवर तर कंपनीच बदलता येत नाही. तेव्हा व्हिसा कुठला ते एचआरकडून लेखी घ्या, मग ठरवा. येणार असाल तर ऑगस्टच्या मध्याआधी पोचा, शाळा तेव्हाच सुरू होतात, आणि मुलीच्या लसींच्या कागदात कांजिण्या आणि हिपॅटायटिस ए आहे का ते आत्ताच बघून घ्या, इथे शाळा मागते.