ट्यूबलाइट, बॅटऱ्या, जुनी औषधे: हा कचरा द्यायचा कोणाला?

प्रश्न : खारघरमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेत ओला व सुका कचरा वेगळा दिला जातो. मात्र बाद ट्यूबलाइट, बॅटऱ्या, रंगाचे डबे आणि मुदत संपलेली औषधे एका खोलीत साठत चालली आहेत. घंटागाडीवर ‘सुक्यात टाका’ असे सांगतात. घातक कचऱ्याचे प्रक्रिया केंद्र तळोज्यात, म्हणजे इतक्या जवळ असताना, आम्ही तो तेथे थेट नेऊन का देऊ शकत नाही?
– संस्थेच्या सचिव, खारघर

उत्तर : आपण हा कचरा सुक्यात जाऊ दिला नाही, हे योग्यच केले. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो. कॉम्पॅक्टरमध्ये, म्हणजे कचरा दाबून भरणाऱ्या गाडीत, ती फुटली की पाऱ्याची वाफ सर्वांत आधी सफाई कामगाराच्या श्वासात जाते. मोबाइलची लिथियम बॅटरी दाबली गेल्यास पेट घेते आणि गाडीतला कागद व प्लास्टिक तिला जळण पुरवतात. हा कचरा वजनाला थोडा असला तरी एकदा मिसळल्यावर तो पुन्हा वेगळा काढणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून त्याचा बंदोबस्त घराच्या उंबरठ्यावरच व्हावा लागतो. कोकणात तर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो. तळाला अस्तर नसलेल्या क्षेपणभूमीतून झिरपणारे ते पाणी शिसे आणि कॅडमियमसारखे धातू सोबत घेऊन ओढ्यांत, विहिरींत आणि शेवटी खाडीत उतरते.

तळोज्याचे केंद्र मुख्यतः कारखान्यांसाठी आहे. तेथे येणाऱ्या प्रत्येक खेपेसोबत मॅनिफेस्ट, म्हणजे कोणाचा, कोणता व किती कचरा आहे याची नोंद असलेले कागदपत्र, असावे लागते आणि कचऱ्याची तपासणी झाल्यावरच त्याची वाट ठरते. जळण्याजोगा कचरा उच्च तापमानाच्या भट्टीत जातो. धातुयुक्त गाळ चुना किंवा सिमेंट मिसळून स्थिर केला जातो आणि मग चिकणमाती व जाड प्लास्टिकच्या अस्तरांवर रचलेल्या सुरक्षित भरावात टाकला जातो. घराघरांतून पिशवीभर आलेल्या मिश्र वस्तू ही यंत्रणा दारात स्वीकारू शकत नाही. त्या आधी कोणीतरी गोळा करून, प्रकारवार लावून पाठवाव्या लागतात.

हे ‘कोणीतरी’ म्हणजे महानगरपालिका. घरगुती घातक कचऱ्यासाठी दर 20 चौरस किलोमीटरला किमान एक संकलन केंद्र उभारून त्याच्या वेळा जाहीर करण्याची जबाबदारी 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली. ओल्या-सुक्याच्या प्रचारात हा तिसरा प्रवाह मागे पडला, हे मला फार खेदजनक वाटते, कारण तिन्हींत माणसाला थेट इजा करणारा प्रवाह हाच आहे.

महापालिकेचे केंद्र मिळेपर्यंत आपली खोली कोरडी आणि कुलूपबंद ठेवावी. ट्यूबलाइट मूळ खोक्यात, उभ्या ठेवाव्यात. एखादी फुटलीच तर खिडक्या उघडून सर्वांनी काही वेळ बाहेर थांबावे. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर न वापरता तुकडे जाड पुठ्ठ्याने उचलून झाकणाच्या बरणीत भरावेत. लिथियम बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. मधुमेहाच्या रुग्णांच्या इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बंद डब्यात जमवाव्यात, आणि औषधे मोरीत किंवा संडासात कधीही ओतू नयेत. बाद बॅटऱ्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी महापालिकेची वाट पाहण्याची गरज नाही. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे त्या देऊन पावती घ्यावी. भंगारवाल्याला मात्र देऊ नयेत, कारण तेथे बॅटऱ्या फोडल्या जातात आणि तारा उघड्यावर जाळल्या जातात.

उरलेल्या वस्तूंसाठी संस्थेच्या लेटरहेडवर, प्रकार व अंदाजे वजन लिहून, महापालिकेच्या घनकचरा विभागाकडे अर्ज करावा आणि सर्वांत जवळचे संकलन केंद्र कोणते, त्याच्या वेळा काय, हे लेखी विचारावे. शेजारच्या संस्थांच्याही सह्या घेतल्यास एकाच फेरीत उचल करण्याची मागणी करता येईल. उत्तर न आल्यास हीच माहिती माहितीच्या अधिकाराखाली मागावी. तेथे 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.