धाप दम्याची की भीतीची, हे रात्री कसं ओळखायचं

ताई, गुहागरकडच्या घरात पावसाळाभर रात्री एकटीने काढायच्या, यजमान मुंबईला, आणि ‘दम लागला तर?’ या धास्तीने डोळ्याला डोळा लागत नाही, असं तुम्ही लिहिलंत. सासरचे म्हणतात, मनाचे खेळ. माझा दमाही जुना आणि दापोलीच्या पावसात मुरलेला, म्हणून सविस्तर लिहिते.

मनाचे खेळ नाहीत हे. दमा रात्री उशिरा आणि पहाटे बळावतो, तेव्हा श्वासनळ्या दिवसापेक्षा जास्त आवळतात. वर आपल्याकडे भिंतींना ओल, गाद्यांना कुबट वास, कपाटात बुरशी. तेव्हा धास्तीला कारण आहे. गोची पुढे होते. भीतीनेही श्वास जोरात चालतो, छाती भरून येते, मग आपण सालब्युटामॉलचा, म्हणजे श्वासनळ्या लगेच मोकळ्या करणारा पंप ओढतो. त्याने हात थरथरतात, धडधडतं, आणि ते बघून आणखी घाबरायला होतं.

यातून मला सोडवलं पीक फ्लो मीटरने. श्वास किती जोरात बाहेर फुंकता येतो ते मोजणारी प्लास्टिकची साधी नळी, वीज लागत नाही. बरं वाटत असताना दोन-तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकून आपला सर्वांत चांगला आकडा काढायचा. रात्री जाग आली की आधी फुंकायचं. त्या आकड्याच्या 80 टक्क्यांच्या वर असेल तर बहुधा भीती: बोटांना, ओठांभोवती मुंग्या, सारखे सुस्कारे, श्वास ‘पुरा आत जात नाही’ असं वाटणं. मग ओठ शीळ घातल्यासारखे करून सावकाश सोडायचा. 50 ते 80 मध्ये असेल, सूं-सूं वाजत असेल, खोकला असेल, तर पंप. 50 च्या खाली किंवा एक वाक्य सलग बोलता येत नसेल तर पंप घेत घेत गाडी बोलवायची, सकाळची वाट बघायची नाही. आकडा चांगला असूनही दमा की भीती, अशी शंका राहिली तर दमाच समजा.

हे सगळं डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, पंपाचे किती झटके घ्यायचे, किती वेळाने, हेसुद्धा. कागद पलंगाजवळ भिंतीला लावा. रात्री दोन वाजता डोकं चालत नाही, कागद वाचता येतो.

लाइट गेली की नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारं यंत्र, बंद, ही भीती तर कोकणात सगळ्यांचीच. पण स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून नीट घेतलेला पंप मोठ्या माणसाला बहुतेक वेळा नेब्युलायझरइतकाच गुण देतो. आगोटीच्या बेगमीत एक जादा पंप आणि स्पेसर ठेवा, आणि गाडी असलेल्या शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवा. सांगायला लाज वाटते, माहीत आहे. वाडीत पंप काढला की ‘इतक्या लवकर सवय लावून घेतलीस?’ हे ऐकावं लागतं. सवय लागत नाही. उलट रोजचा स्टेरॉइडचा पंप टाळून नुसत्या सालब्युटामॉलवर राहिलात तर रात्री अशाच जाणार. 2019 पासून ‘जीना’ या दम्यावरच्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शनातही मोठ्यांचा दमा एकट्या सालब्युटामॉलवर ठेवू नये असंच आहे. रोजचा पंप घेऊन चूळ भरायची, एवढंच पथ्य.

धास्ती तरीही राहिली, सणासमारंभाला जाणं सुटलं, रडू येत राहिलं, तर त्यावर वेगळा उपचार घ्या. दमेकऱ्यांत चिंता आणि नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं, त्यात कमीपणा नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मात्र मनाच्या डॉक्टरांना दमा आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. धडधडीवर प्रोप्रॅनोलॉल सर्रास देतात, आणि ते आपल्याला चालत नाही, श्वासनळ्या आवळते.

आणि एक विचारते. तुमच्या गोळ्यांत मॉन्टेलुकास्ट ही दम्याची गोळी आहे का? त्याने काहींची झोप उडते, वाईट स्वप्नं पडतात, मन खचतं. 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर ठळक इशारा छापायला लावला. मनाने बंद करू नका, पण झोप ती गोळी सुरू झाल्यापासून गेली का, हे आठवून बघा आणि डॉक्टरांना सांगा.