वहीत नसलेला प्रश्न

“मॅडम, घरी सगळं येतं. समोर बसलं की पाटी कोरी!” गेल्या काही महिन्यांत नोकरीच्या मुलाखतीला घाबरून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या इतक्या जणांकडून हे ऐकलंय की कुणी नुसतं ‘घरी’ म्हणालं तरी पुढचं वाक्य मला कळतं. म्हणून एका तरुणाबद्दल लिहिते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

तो आला तोच एक जाडजूड वही घेऊन. मुलाखतीत येऊ शकतील असे प्रश्न आणि त्यांची उत्तरं, सुवाच्य अक्षरात. पाच मुलाखती झाल्या होत्या. पाचही ठिकाणी ‘कळवतो’ म्हणाले, कुणी कळवलं नाही.

“वहीत नसलेला प्रश्न आला तर?” मी विचारलं.

“मग संपलंच.”

“काय संपलं?”

तो घुटमळला. “म्हणजे... त्यांना कळतं ना, याला काही येत नाही.”

एक उत्तर आलं नाही म्हणून ‘काही येत नाही’! ही उडी तो इतक्या सवयीने मारत होता की आपण उडी मारतोय हेच त्याला जाणवत नव्हतं. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी. घटनेपेक्षा घटनेबद्दल आपण मनाशी जे बोलतो ते आपल्याला जास्त घाबरवतं, असं ते मांडत. त्यांना स्वतःला मुलींशी बोलायची धास्ती होती. एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर ठरवून ते शंभरेक अनोळखी स्त्रियांशी बोलले. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. भीती मात्र ओसरली. हे ऐकून तो पहिल्यांदा मोकळा हसला, पण वही काही मिटली नाही.

चौथ्या भेटीत मी खुर्च्यांची अदलाबदल केली. “आज तू घे माझी मुलाखत.” मी मुद्दाम त्याच्याच वहीतली उत्तरं घडाघडा म्हणून दाखवली. तीन प्रश्नांतच तो अस्वस्थ झाला.

“मॅडम, हे खोटं वाटतंय. पाठ केल्यासारखं.”

“बरं, अजून एक विचार.”

त्याने त्याच्या कामातलं काहीतरी क्लिष्ट विचारलं. मी म्हटलं, “हे मी केलेलं नाही. करायची वेळ आली तर आधी ज्यांनी केलंय त्यांना गाठेन आणि एखाद्या छोट्या भागावर करून बघेन.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, “तुम्हाला घेतलं असतं मी.”

हा क्षण मी आयता देऊ शकले नसते, आणि दिला नाही याचं मला समाधान आहे. तो मुलाखतीला तोंडी परीक्षा समजत होता. पलीकडच्या खुर्चीत बसल्यावर त्याला दिसलं की समोरचा माणूस गुण द्यायला बसलेला नसतो, त्याला सोबत काम करणारं कुणीतरी हवं असतं.

मग वहीऐवजी आम्ही स्वतःच्या कामातले फक्त सहा प्रसंग निवडले: अडचण काय होती, मी स्वतः काय केलं, निघालं काय. प्रत्येक दोन मिनिटांत. बहुतेक प्रश्न यांतल्याच एखाद्यापाशी येऊन ठेपतात. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणजे जन्मापासूनचा पाढा नव्हे. या जागेशी जुळतं तेवढंच सांगायचं, आणि त्यासाठी जाहिरात दोनदा वाचायची. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारायचा. उत्तराआधी चार-पाच सेकंद थांबलं तर चालतं. ती शांतता फक्त आपल्यालाच लांब वाटते.

थरथरीचंही तसंच. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिलं, की आपल्या मनातलं समोरच्याला जितकं दिसतंय असं वाटतं, त्याहून कितीतरी कमी दिसतं. त्याचं बोलणं मोबाइलवर चित्रित करून त्यालाच दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, “हा तर बरा दिसतोय!”

सहावी मुलाखतही हुकली. सातवीत त्याने दोनदा ‘हे मला येत नाही’ म्हटलं आणि शेवटी विचारलं, “या जागेवरचे आधीचे का सोडून गेले?” समोरचे एकमेकांकडे बघत राहिले. निवड झाली. त्याने नकार कळवला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांचा मला फोन. भयंकर चिडलेले. मुलाच्या परवानगीशिवाय मी काही बोलू शकत नाही, एवढंच सांगितलं. फोन ठेवल्यावर मात्र हसू आवरलं नाही.