फाइल माझी, पुसली दुसऱ्याने

प्रश्न : आम्ही सात जण लिनक्सचा एकच सर्व्हर वापरतो. कामाच्या फाइली एका सामायिक डिरेक्टरीत असतात आणि कोणाचे अडू नये म्हणून त्या डिरेक्टरीला ७७७ परवानगी (तीन अंक अनुक्रमे मालक, गट आणि इतर यांचे; ७ म्हणजे सर्व मुभा) दिलेली आहे. माझी एक फाइल मी मुद्दाम ४४४ करून, म्हणजे केवळ वाचण्यापुरती, ठेवली होती. तरीही एका सहकाऱ्याच्या हातून ती पुसली गेली. जी फाइल त्याला बदलता येत नव्हती, ती पुसता कशी आली? असे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर : फाइल पुसण्याची परवानगी फाइलीवर नसतेच, ती डिरेक्टरीवर असते. डिरेक्टरी ही एक नोंदवही समजा. तिच्यात फाइलीचे नाव आणि त्यापुढे फाइलीचा अंतर्गत क्रमांक, एवढेच असते. फाइल पुसणे म्हणजे त्या वहीतली एक ओळ खोडणे. वहीत लिहिण्याची मुभा ७७७ने सर्वांना दिल्यावर, ओळ कोणाच्या फाइलीची आहे हे पाहिलेच जात नाही. फाइल पुसणारी ‘आरएम’ ही आज्ञा केवळ वाचण्यापुरत्या फाइलीपाशी थांबून ‘खरोखर पुसू का’ असे विचारते खरे, पण तो केवळ शिष्टाचार आहे. होकार दिला की फाइल गेली.

डिरेक्टरीच्या संदर्भात तिन्ही परवानग्यांचे अर्थ वेगळे होतात, आणि बहुतेक घोटाळे येथेच होतात. ‘आर’ (वाचणे) असेल तर आतील नावांची यादी दिसते. ‘एक्स’ (चालवणे) असेल तर डिरेक्टरीतून पुढे जाता येते, म्हणजे आतील वस्तूपर्यंत पोहोचता येते. ‘डब्ल्यू’मुळे (लिहिणे) नवी नोंद करता येते, जुनी खोडता येते, नाव बदलता येते, मात्र सोबत ‘एक्स’ नसेल तर या ‘डब्ल्यू’चा काहीच उपयोग होत नाही. ‘आर’ नसून नुसता ‘एक्स’ असेल, तर यादी दिसत नाही, पण नेमके नाव ठाऊक असलेल्याला ती फाइल उघडता येते.

आता आपल्या व्यवस्थेविषयी. सातही जणांचा एक गट करावा, डिरेक्टरी त्या गटाच्या नावे करावी आणि तिला ३७७० परवानगी द्यावी. शेवटच्या शून्यामुळे गटाबाहेरच्यांना दार बंद होते. आरंभीचा ३ हा २ आणि १ यांची बेरीज आहे. २ म्हणजे सेट-जीआयडी बिट : त्यामुळे आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप त्याच गटाच्या नावे होते. १ म्हणजे स्टिकी बिट : तो असेल तर फाइलीचा मालक, डिरेक्टरीचा मालक किंवा रूट (सर्वाधिकार असलेले खाते) यांच्याखेरीज कोणालाही ती फाइल पुसता येत नाही किंवा तिचे नाव बदलता येत नाही. तात्पुरत्या फाइलींची ‘टीएमपी’ ही डिरेक्टरी सर्वांना खुली असूनही एकमेकांच्या फाइली सुरक्षित राहतात, त्या याच बिटामुळे. तिची परवानगी १७७७ असते. डिरेक्टरीच्या मालकालाही ही सूट असल्याने मालकी गटातील कोणाकडे न ठेवता अ‍ॅडमिनकडे ठेवणे मला इष्ट वाटते. सेट-जीआयडी बिट नव्या उपडिरेक्टरीत आपोआप उतरतो, स्टिकी बिट उतरत नाही. तो प्रत्येक ठिकाणी वेगळा द्यावा लागतो.

नव्या फाइलीला कोणत्या परवानग्या मिळू नयेत हे यूमास्क ठरवतो. तो ०२२ असेल तर नवी फाइल ६४४ अशी जन्माला येते आणि गटातील इतरांना ती फक्त वाचता येते. एकमेकांच्या फाइलींत दुरुस्ती करायची असेल तर यूमास्क ००२ करावा, म्हणजे ती ६६४ होईल. स्टिकी बिट पुसण्याला अडवतो, मजकूर बदलण्याला नाही. ६६४ असलेली फाइल सहकारी आतून रिकामी करू शकतो, तेव्हा बॅकअपला पर्याय नाही.

एक सावधगिरीची सूचना. परवानगी बदलणारी ‘सीएचमॉड’ ही आज्ञा सर्व उपडिरेक्टऱ्यांसह ७७७ देऊन चालवण्याचा मोह होतो. मी एकदा स्वतःच्या होम डिरेक्टरीवर ती चालवली आणि त्यानंतर एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरमध्ये शिरण्याची सोय) पासवर्डऐवजी वापरायची माझी किल्ली स्वीकारेना, कारण जी डिरेक्टरी कोणालाही लिहिण्यास खुली आहे तिच्यातील किल्लीवर ते विश्वास ठेवत नाही. शिवाय अशाने साध्या मजकुराच्या फाइलीही चालवण्यायोग्य ठरतात. आज्ञेत मोठ्या लिपीतला ‘एक्स’ वापरला, तर तो डिरेक्टऱ्यांना आणि आधीच चालवण्यायोग्य असलेल्या फाइलींनाच लागतो.

प्रश्न : बाहेरच्या एका व्यक्तीला काही आठवडे फक्त एकच उपडिरेक्टरी वाचायला द्यायची आहे. तिला गटात घ्यावे लागेल का?

उत्तर : घेऊ नये, गटात घेतले की सगळेच उघडे पडते. अशा वेळी एसीएल, म्हणजे ठरावीक व्यक्तीला वेगळी परवानगी देणारी यादी, वापरावी. ‘सेटएफएसीएल’ या आज्ञेने त्या व्यक्तीला उपडिरेक्टरीवर ‘आर’ आणि ‘एक्स’ द्यावेत, आणि वाटेतील ज्या डिरेक्टरीतून तिला एरवी पुढे जाता येत नाही तिच्यावर नुसता ‘एक्स’ द्यावा; हा दुसरा भाग लोक हमखास विसरतात आणि परवानगी देऊनही नकार का येतो म्हणून डोके धरून बसतात. नव्या फाइलींसाठी डीफॉल्ट नोंद वेगळी करावी लागते, आणि आधीपासूनच्या फाइलींना ती लागू होत नाही. फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’च्या सविस्तर यादीत परवानगीपुढे अधिकचे चिन्ह दिसले की तेथे एसीएल आहे असे समजावे. अशा ठिकाणी नंतर ‘सीएचमॉड’ चालवले तर गटाचा अंक एसीएलचा मास्क, म्हणजे तिच्यातील परवानग्यांची कमाल मर्यादा, बदलतो आणि दिलेली परवानगी निष्प्रभ होऊ शकते. काम संपल्यावर डीफॉल्ट नोंदही काढावी.

प्रश्न : अ‍ॅडमिनने मला गटात घेतले, तरी डिरेक्टरी उघडत नाही.

उत्तर : गटांची यादी लॉग-इन करतानाच ठरते. लॉग-आउट करून पुन्हा आत यावे आणि ‘आयडी’ ही आज्ञा देऊन गटाचे नाव दिसते का ते पाहावे. नाव दिसले, पण एखादी जुनी डिरेक्टरी उघडेनाशी झाली, तर अ‍ॅडमिनने गटात घेणाऱ्या ‘यूजरमॉड’ या आज्ञेला मोठ्या लिपीतल्या ‘जी’सोबत ‘ए’ हा पर्याय दिला होता का, ते विचारावे. तो राहिला असेल तर नव्या गटात घेताना आपल्याला आधीच्या इतर गटांतून काढले गेले आहे.