सात मिली की दहा मिली?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आमच्या एकत्र कुटुंबात दोन लहान मुलं आहेत, माझा मुलगा आणि जाऊबाईंचा. दोघंही पाच वर्षांचे. दोघांचाही घसा धरला, टॉन्सिल्सवर पू झाला. डॉक्टरांनी अ‍ॅमॉक्सिसिलिनचं एकच औषध दिलं, दिवसातून दोनदा, दहा दिवस. पण पुतण्याला 10 मिली आणि माझ्या मुलाला 7 मिली. माझा मुलगा बारीक आहे, 14 किलो. पुतण्या 20 किलो. सासूबाई म्हणाल्या, "वय तेच, दुखणं तेच, मग आपल्यालाच कमी का?" मलाही पटलं आणि दोन दिवस मी 10 मिलीच दिलं. आता भीती वाटते. काही होईल का? — एक आई, बार्शी

उत्तर : ताई, पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं : घाबरू नका, 7 वर परत या. इथे लिहितेय ते बाकीच्या घरांतल्या सासूबाईंसाठी.

तुमच्या बाटलीवर '5 मिलीमध्ये 250 मिग्रॅ' असं छापलेलं आहे, म्हणजे 1 मिलीत 50. अशा घशाला दिवसाला किलोमागे 50 मिग्रॅ देतात. 14 किलोला 700, दोन वेळांत वाटून 350, म्हणजे 7 मिली. पुतण्याला 1000, दोन वेळांत वाटून 500, म्हणजे 10 मिली. डॉक्टरांनी कुणाला कमी-जास्त दिलेलं नाही, दोघांच्या किलोला सारखंच दिलंय. औषध शरीरभर पसरतं. शरीर लहान तर तेवढ्याच असरासाठी औषधही कमी लागतं. वाढदिवस कधी आहे, हे औषधाला कळत नाही.

गंमत म्हणजे घशासाठी दिवसाला 1000 मिग्रॅ हीच वरची हद्द. उद्या 40 किलोचा मुलगा आला तरी त्याला 2000 देत नाहीत. नाहीतर आमच्याकडच्या काही गुटगुटीत मंडळींना बाटलीच तोंडाला लावावी लागली असती.

तुम्ही दिलेल्या 10 मिलीने तुमच्या मुलाला किलोमागे साधारण 71 मिग्रॅ गेलं. कानाच्या दुखण्यात हेच औषध आम्ही 80-90 पर्यंत देतो, म्हणून मी निश्चिंत होते. फार तर जुलाब झाले असते. पण हे अ‍ॅमॉक्सिसिलिनचं नशीब. सगळ्याच औषधांत एवढी ऐसपैस जागा नसते. आकडा मनाने वाढवू नका.

मला खरी काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. रोज 14 मिली म्हटलं तर 60 मिलीची बाटली चार दिवसांत संपते. दहा दिवसांना तीन बाटल्या. दुसरी बाटली दुसऱ्या दुकानातून येते आणि तिच्यावर 250 ऐवजी 125 असतं. नाव तेच, चवही जवळपास तीच. आई इमानाने 7 मिली देते आणि पोरगं अर्ध्या डोसवर राहतं. माझ्याच दवाखान्यात हे घडलंय. 'तापच उतरत नाही' म्हणून आई रडकुंडीला आली होती, मी औषध बदलायला निघाले होते, तेवढ्यात तिने पर्समधून बाटली काढली. तेव्हापासून मी चिठ्ठीवर नुसतं '7 मिली' लिहीत नाही, शेजारी 250 लिहून गोल करते.

मोजायला बाटलीसोबतचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या; चहाच्या चमच्याचा भरवसा नाही. पावडरीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंतच घाला. फेस बसल्यावर पातळी पुन्हा बघा आणि दर वेळी बाटली हलवा, नाहीतर पहिल्या डोसात पाणी आणि शेवटच्यात गाळ जातो. उरलेलं पुढच्या सर्दीसाठी ठेवू नका. कालवलेलं औषध लेबलवर दिलेल्या दिवसांपुरतंच टिकतं, आणि साध्या सर्दीला ते लागतही नाही.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला तरी दहा दिवस पुरे करायचे. या घशातले जंतू मागे राहिले तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपांना धक्का बसू शकतो.

आणि पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की मुलाचं वजन तोंडी सांगू नका, काट्यावर उभं करा. चपला काढून.